आधी नेम, मग लांबी

जुन्नर-आंबेगावच्या पोरांना नेम धरायला वेगळं शिकवावं लागत नाही. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारे आजोबा आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेत. लगोरी सगळ्यांनीच फोडली आहे, आणि शेजारच्या झाडाची कैरी पहिल्या दगडात पाडणारा एक तरी मित्र प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये असतोच. पाण्याचीही आपल्याकडे कमी नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, कुकडी प्रकल्पाची ही पाच धरणं या दोन तालुक्यांतच आहेत. नेम आहे, पाणी आहे. पण दोघांना जोडणारा खेळ मात्र नाही. धरणावर जायचं, गाडी लावायची, पाण्याकडे पाठ करून फोटो काढायचा, भजी खायची आणि परत फिरायचं. एखादा जोशात पाण्यात उतरतो, आणि मग त्याची बातमी आम्हाला छापावी लागते.

आज ज्या खेळाबद्दल लिहायचंय त्याचं नाव फ्लाय कास्टिंग. मूळ मासेमारीतला प्रकार, पण आता तो स्वतंत्र खेळही झालाय. हातातल्या लवचिक रॉडने लांबलचक लाइन हवेतून मागे-पुढे न्यायची आणि तिच्या टोकाचं पिसाएवढं हलकं आमिष पाण्यावर ठरलेल्या जागी अलगद ठेवायचं. किती नेमकं आणि किती लांब, या दोन मापांवर त्याच्या स्पर्धा होतात. हा खेळ आपल्याकडे यायला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र तो नीट क्रमाने यावा. आधी नेम, मग लांबी. आधी गवत, मग पाणी. आणि पाण्यावर जायचं, तर त्या पाण्यावर ज्यांचं पोट आहे त्यांना विचारून.

आसूड पाहिलाय ना?

नेहमीच्या गळाच्या मासेमारीत टोकाला वजन असतं. शिशाचा गोळा किंवा जड आमिष फेकलं की त्याच्यामागे दोरी ओढली जाते. दगडाला सुतळी बांधून भिरकावल्यासारखंच ते. फ्लाय कास्टिंगमध्ये गणित उलटं असतं. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या आमिषाला, म्हणजे फ्लायला, वजन जवळजवळ नसतंच. पिसू हातात घेऊन फेकून बघा, पायाशीच पडेल. म्हणून इथे वजन लाइनमध्ये ठेवलेलं असतं. लाइनला नंबर असतात आणि तो नंबर तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. शिकणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा ५ नंबरची लाइन देतात. तिच्या पहिल्या ३० फुटांचं वजन भरतं साधारण ९ ग्रॅम. हे ९ ग्रॅम हवेत सरळ उलगडत नेणं, एवढाच काय तो खेळ!

पोतराजाचा आसूड आठवा. मुठीकडे जाड, टोकाकडे निमुळता. मनगटाने दिलेला झटका जाड भागाकडून बारीक भागाकडे सरकतो आणि सरकताना वेग वाढत जातो. शेवटी टोक आवाजाच्या वेगालाही मागे टाकतं, तेव्हा तो कडाड् आवाज होतो. फ्लायची लाइनही टोकाकडे निमुळती होत जाते, तत्त्व तेच. फरक इतकाच की आसुडाचा आवाज झाला तर लोक टाळ्या वाजवतात आणि फ्लायचा आवाज झाला तर तुमचं चुकलेलं असतं. मागे गेलेली लाइन पूर्ण सरळ व्हायच्या आधीच तुम्ही रॉड पुढे ओढला, असा त्याचा अर्थ. बऱ्याचदा त्या आवाजासोबत फ्लायही तुटून जाते.

म्हणजे या खेळात ताकदीपेक्षा थांबणं महत्त्वाचं. लाइन मागे न्यायची, रॉड झटकन थांबवायचा, लाइन मागे उलगडेपर्यंत वाट बघायची, मग पुढे आणायची आणि पुन्हा झटकन थांबवायचा. लाइन जितकी लांब, तितकी वाट जास्त बघायची. रॉड थांबला की लाइनचा हवेत इंग्रजी यू अक्षर आडवं ठेवल्यासारखा आकार होतो. त्याला लूप म्हणतात. रॉडचं टोक सरळ रेषेत गेलं तर लूप अरुंद होतो आणि वारा कापत जातो. हात अर्धगोलात फिरवला तर लूप मोठा होतो, वाऱ्यात फुगतो आणि लाइन गुंडाळी होऊन समोर पडते. सुरुवातीच्या काळात जवळजवळ सगळ्यांचं हेच होतं. जोर लावून हे सुटत नाही, उलट आणखी बिघडतं.

मासे नसलेलं तळं

हा खेळ शिकायला नदी लागते, मासे लागतात, परदेश लागतो, असं कोणाला वाटत असेल तर अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण बघा. तिथल्या गोल्डन गेट पार्कमध्ये १९३८ साली कास्टिंगच्या सरावासाठी काँक्रीटची उथळ तळी बांधली. त्यात मासे नाहीत. फक्त पाणी आणि त्यावर तरंगणारी कडी. माणसं तिथे येतात, तासन् तास कड्यांवर नेम धरतात आणि कोरड्या पिशव्या घेऊन घरी जातात. याच तळ्यांवर मॅक्सिन मॅककॉर्मिक नावाची मुलगी नवव्या वर्षी कास्टिंग शिकू लागली. २०१६ साली एस्टोनियात झालेल्या जागतिक स्पर्धेत तिने नेमबाजीच्या प्रकारात महिलांचं सुवर्णपदक जिंकलं. तेव्हा ती १२ वर्षांची होती. सातवीतली मुलगी म्हणा ना!

ज्यांना वाटतं की लांब फेकायला दंड लागतात, त्यांच्यासाठी दुसरं नाव जोन वुल्फ यांचं. १९५१ साली त्यांनी लांब फेकीची एक राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. समोरचे सगळे स्पर्धक पुरुष होते. पुढे १९६० मध्ये त्यांनी १६१ फूट, म्हणजे जवळपास ४९ मीटर लांब फ्लाय टाकली. क्रिकेटच्या खेळपट्टीच्या दुपटीहून जास्त अंतर झालं हे, आणि टोकाला वजन काय, तर नसल्यात जमा. आपल्याकडे मुलींना मैदानावर आणायचं म्हटलं की खेळ शोधावे लागतात. उंची, वजन, ताकद यावर निकाल लागत नाही असा एक खेळ आयता समोर आहे.

जगभरातल्या कास्टिंग संघटनांचा महासंघही आहे. त्याच्या फ्लाय नेमबाजीच्या प्रकारात ६० सेंटीमीटर व्यासाची, ताटलीसारखी पाच लक्ष्यं वेगवेगळ्या अंतरांवर मांडतात. ६० सेंटीमीटर म्हणजे घरातली मोठी परात. लांबून, वाऱ्यात, वजन नसलेली वस्तू परातीत टाकायची. जमेल? जमतं, पण त्याला सराव लागतो, आणि तो सराव आपल्या गावच्या शाळेच्या मैदानावर होऊ शकतो.

टायर, लोकर आणि वही

सुरुवातीला काय लागतं? पाच मित्रांत मिळून एक रॉड, रील आणि लाइन पुरते. एरवी दिवसभर रील बघणाऱ्या हातांना ही वेगळी रील धरायला मिळेल, तेही बरंच. गळ अजिबात नको. त्याच्या जागी लाइनच्या टोकाच्या बारीक दोऱ्याला लोकरीचा नखाएवढा गोंडा बांधायचा. लोकर दिसते, टोचत नाही आणि कोणाच्या डोळ्याला इजा करत नाही. तरीही डोक्याला टोपी आणि डोळ्यांना गॉगल हवाच, कारण सवय ही पहिल्या दिवसापासून लागते. गवत असलेली जागा निवडायची. डांबरी रस्त्यावर किंवा मुरमावर लाइनचं आवरण घासून जातं.

लक्ष्यासाठी सायकलचे जुने टायर उत्तम. ८, १०, १२ आणि १५ मीटरवर एकेक टायर ठेवायचा आणि प्रत्येकावर दहा फेकी टाकायच्या. किती आत पडल्या, किती अलीकडे, किती पलीकडे, किती डावी-उजवीकडे, ते वहीत लिहायचं. मोबाइलवर नको, वहीतच, कारण मोबाइल हातात आला की सराव संपतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आठ मीटरवर दहापैकी सात आत पडल्याशिवाय दहा मीटरच्या टायरकडे बघायचं नाही, असा नियम स्वतःलाच घालून घ्या. चुका नेहमी एकाच बाजूला होत असतील तर हात किंवा पाय वाकडा आहे. सगळ्या फेकी अलीकडे पडत असतील तर रॉड पुढे फार खाली जाऊन थांबतोय. वही हे सांगते. एक मित्र बाजूला उभा राहून फक्त मागची लाइन बघत असेल तर आणखी चांगलं, कारण फेकणाऱ्याचं सगळं लक्ष पुढे असतं आणि चूक बहुतेकदा मागे झालेली असते.

आणि वेळ? दिवसाला वीस मिनिटं पुरेत. आठवड्यातून एकदा तीन तास घालवण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं हाताला जास्त शिकवतात. खांदा थकला की हात फिरायला लागतो आणि चुकीचीच सवय पक्की होते. तबला शिकणाऱ्याला विचारा, तोही हेच सांगेल.

लांबीचा मोह

आता खरी अडचण. कुठल्याही पोराच्या हातात रॉड दिला की तो पहिल्यांदा काय करतो? जोर लावून जमेल तितकं लांब फेकतो. आपल्या पिढीचं सगळीकडेच हे आहे. फॉलोअर किती, पॅकेज किती, गाडीचा स्पीड किती. आकडा मोठा पाहिजे, तो कुठे जाऊन पडतो याचं कोणाला काही नाही.

पण अनुभवी मासेमार सांगतात की फ्लायवर लागणारे बहुतेक मासे काठापासून किंवा होडीपासून पंधरा मीटरच्या आतच लागतात. मरळ घ्या. ती बुडक्या झुडपाच्या, गवताच्या, दगडाच्या आडोशाला दबा धरून असते. आमिष तिच्या तोंडापुढे हातभर अंतरावर पडलं तर झेप घेते, दोन मीटर बाजूला पडलं तर ढुंकूनही बघत नाही. तिथे तुमची तीस मीटरची फेक काय कामाची?

लांबीला अर्थ नाही असं मात्र नाही. वाऱ्याविरुद्ध टाकायचं असेल, उथळ पाण्यात मासा बुजत असेल, तर लांब टाकता यायलाच हवं. त्यासाठी डबल हॉल नावाचं तंत्र आहे. रॉड मागे जाताना आणि पुढे येताना दुसऱ्या हाताने लाइनला योग्य क्षणी छोटा झटका द्यायचा, म्हणजे लाइनचा वेग वाढतो. गंमत अशी की या तंत्रातही मूळ गोष्ट वेळ साधण्याचीच आहे. ज्याचा बारा मीटरवरचा लूप अरुंद आहे, त्याला डबल हॉल लवकर येतो. ज्याचा तोच लूप विस्कटलेला, त्याची चूक फक्त आणखी लांब जाऊन विस्कटते.

पाण्यावर सगळं बदलतं

गवतावर पास झालात म्हणजे पाण्यावर पास व्हालच असं नाही. गवतावरून लाइन अलगद उचलली जाते. पाणी मात्र तिला धरून ठेवतं. ढिली लाइन तशीच उचलायला गेलात तर अर्धा झटका ती ओढण्यातच जातो. म्हणून आधी ढिलेपणा काढून घ्यायचा, रॉडचं टोक पाण्यालगत आणायचं आणि मग हळू सुरुवात करून वेग वाढवत उचलायचं. उलट रोल कास्ट नावाची फेक फक्त पाण्यावरच नीट शिकता येते, कारण तिला पाण्याची ती पकडच लागते. मागे जागा नसली, म्हणजे पाठीमागे झाडी किंवा चढ असला, की रोल कास्टशिवाय पर्याय नाही. आपल्या धरणांचे काठ डोंगराला लागून आहेत, तेव्हा आपल्याला तिची गरज जास्त.

पाण्यावर अंतराचा अंदाजही चुकतो. मैदानावर खांब असतो, झाड असतं. पाणी सपाट, त्यावर नजर कशाला अडकत नाही. म्हणून जुन्या ट्यूबला दोरीने दगड बांधून ती उथळ पाण्यात तरंगत ठेवावी आणि तिच्यावर सराव करावा. संपला की ट्यूब, दोरी सगळं परत आणायचं. तुटलेल्या दोऱ्याचा एक वीतभर तुकडाही मागे ठेवायचा नाही, तो बगळ्यांच्या आणि पाणकावळ्यांच्या पायात अडकतो.

मग वारा. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो, त्यामुळे सकाळची वेळ चांगली. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या उजवीकडून वारा येत असेल तर लाइन आणि तिच्यासोबत गळ थेट डोक्याकडे ढकलला जातो. अशा वेळी जागा बदलायची, किंवा पाठ फिरवून मागच्या फेकीनेच फ्लाय पाण्यावर टाकायची. हट्टाने तसंच टाकत राहणं म्हणजे कान टोचून घेणं.

सगळ्यात मोठा धोका मात्र पायाखाली असतो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, काठ रुंद होतात, मागे झुडूप उरत नाही. कास्टिंगला यासारखी जागा नाही असं वाटतं. पण वरून भेगाळलेला, वाळलेला दिसणारा गाळ आत ओलाच असतो. पाय रुतला की निघत नाही. धरणाखाली जुनी शेतं, विहिरी, बांध आहेत, पाण्याची खोली एका पावलात बदलते. त्यामुळे गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, एकट्याने जायचं नाही आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. पोहता येतं हे याला उत्तर नाही. बुडालेल्यांच्या बातम्यांमध्ये पोहता येणारेही असतात.

हे पाणी कोणाचं?

इथे जरा थांबून एक गोष्ट समजून घेऊ. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळालं, ते मूळ आंबेगावच पाण्याखाली गेलं. आज त्या जलाशयाला आपण हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतो. त्याच्या काठावरच्या आदिवासी कुटुंबांची भातखाचरं या पाण्याखाली आहेत. पुढे याच धरणग्रस्तांनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने जलाशयात मासेमारी सुरू केली, आपली सहकारी संस्था उभी केली, होड्या आणि जाळी घेतली. या सगळ्या कामाची दखल जगानेही घेतली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार २०१२ मध्ये ‘शाश्वत’ला मिळाला. म्हणजे ज्या पाण्यात जमीन गेली, त्याच पाण्यातून त्यांनी भाकरी मिळवली.

आता कल्पना करा. शनिवारी सकाळी पुण्याहून चार गाड्या आल्या, महागडे रॉड निघाले, आणि ज्याने रात्री जाळं टाकलंय त्याच्याच जाळ्यावर कोणीतरी नेमबाजीचा सराव सुरू केला. गळ जाळ्यात अडकला, जाळं फाटलं, गाडी निघून गेली. जाळं शिवायला दिवस जातो आणि तो दिवस कोणी भरून देत नाही. राज्यातल्या जलाशयांत मासेमारीचे हक्क ठेक्याने सहकारी संस्थांना दिले जातात. तिथे परवानगीशिवाय गळ टाकणं हा हौसेचा प्रश्न नाही, दुसऱ्याच्या शेतात शिरण्यासारखं आहे.

नेमकं टाकण्याची विद्याही या काठाला नवी नाही. फेकजाळं फेकणारा माणूस बघितलाय? जाळ्याची एक कड खांद्यावर, एक हातात, कमरेतून अर्धी गिरकी आणि जाळं हवेत गोल उघडून पाण्यावर बसतं. एक क्षण उशिरा सोडलं तर ते मुटकुळं होऊन पडतं. पावसाच्या सुरुवातीला ओढ्यांना चढणीचे मासे येतात, तेव्हा हे कसब बघावं. आपल्या भागात कास्टिंगचे पहिले प्रशिक्षक कोण व्हावेत, याचं उत्तर यात आहे. ज्याला पाणी कळतं, वारा कळतो, मासा कुठे उभा आहे हे कळतं, त्याला रॉड शिकायला महिना पुरेल. ज्याला फक्त रॉड कळतो, त्याला पाणी कळायला वर्षं लागतील.

माशांचंही काही म्हणणं आहे. महाशीर हा फ्लायवर खेळणाऱ्यांचा राजा मासा. दख्खनच्या महाशीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केलं, तेही मुळा-मुठेतल्या माशांवरून. आपल्या कुकडी, मीना, घोड या नद्यांचं पाणी जिथे जातं, त्याच भीमेच्या खोऱ्यातली ही नदी. पुढे धरणं, प्रदूषण आणि सुरुंगाच्या मासेमारीने महाशीर कमी होत गेला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करून नद्या-तलावांत सोडण्याचं काम सुरू झालं. असा मासा कधी गळाला लागला तर काटा नसलेला गळ असावा आणि मासा पाण्यातच सोडून द्यावा. पिल्लांभोवती फिरणाऱ्या मरळीवरही गळ टाकू नये. तिची पिल्लं ती राखत असते, तीच गेली तर अख्खा थवा जातो. हात साफ करायला चिलापी आहे की, भरपूर आहे आणि ती ताटातही चालते. पावसाळा माशांच्या विणीचा, तेव्हा तो काळ फक्त मैदानावर काढायचा.

काय करता येईल

जुन्नरला २०१८ साली पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. पर्यटन म्हणजे फक्त सेल्फी पॉइंट आणि रिसॉर्ट नसेल, तर सुरुवात अशी करता येईल.

एक, जुन्नर आणि घोडेगावच्या महाविद्यालयांनी जिमखान्यात कास्टिंगचा एक संच घ्यावा आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात टायर मांडावेत. याला कुठल्या निधीची वाट बघावी लागू नये. दोन, प्रत्येक तालुक्यात एका जलाशयावर, जाळी लागत नाहीत अशी उथळ, सुरक्षित जागा जलसंपदा विभाग आणि मच्छीमार संस्था यांनी मिळून सरावासाठी ठरवावी. तीन, बाहेरून येणाऱ्या हौशींना दिवसाचा परवाना मच्छीमार संस्थेनेच द्यावा, पैसे संस्थेला मिळावेत आणि सोबत काठावरच्या गावातला तरुण वाटाड्या म्हणून असावा. चार, लाइफ जॅकेट नाही तर परवाना नाही. यात कुठेही सूट नको.

यातून उद्या कोणी जागतिक पदक आणेल असं आम्ही म्हणत नाही. पण आहुप्याकडच्या किंवा आपटाळ्याकडच्या एखाद्या पोराला गावातच रोजगार मिळाला, एखादी मुलगी मैदानावर आली, धरणावर गेलेल्या चार जणांना पाण्यात उडी मारण्याऐवजी काठावर करण्यासारखं काही सापडलं, तर एवढंही खूप आहे.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? एक जुना टायर, लोकरीचा गोंडा, एक वही आणि संध्याकाळची वीस मिनिटं. आठ मीटरपासून सुरू करा. दहापैकी सात आत पडले की आम्हाला जरूर कळवा.